कोरड्या पात्रातली धाव

संयुक्त अरब अमिरातीत बारमाही वाहणारी एकही नदी नाही. तरीही या देशात धावण्यासाठी सगळ्यात देखणी जागा कुठली, असं कुणी विचारलं की मी नदीचं पात्रच सांगते. समुद्रकाठचे रबरी ट्रॅक मी सांगत नाही. दुबईतल्या ज्या शेख झायेद रोडवरची वाहनं २०१९ पासून वर्षातून एका सकाळी थांबवतात आणि प्रचंड गर्दी धावायला उतरते, तोही नाही. मी सांगते त्या हजर पर्वतातल्या कोरड्या नद्या. इथे त्यांना वादी म्हणतात. वर्षाचे बहुतेक दिवस त्यांत गोटे, वाळू आणि ऊन यांखेरीज काही वाहत नाही.

ऐकणाऱ्याला हे पटत नाही. मराठी माणसाला तर नाहीच. माझं बालपण वाईजवळ, कृष्णाकाठी गेलं. नदी म्हटलं की घाट, पायऱ्या, देऊळ आणि उन्हाळ्यातसुद्धा गुडघाभर पाणी, हे डोळ्यांपुढे येतं. पसरणीच्या घाटात धावताना खाली धोमचं पाणी चमकत असतं. धावण्याला देखावा लागतो आणि देखाव्याला पाणी लागतं, हे आमच्या मनात न बोलता पक्कं बसलेलं असतं. अमिरातीत आल्यावर वर्षानुवर्षं मी शहरातच धावले, त्यामागे हा समजही होता. दुबईत धावण्याची सोय कमी नाही. बागांमधले मऊ ट्रॅक आहेत, रात्रभर दिवे आहेत, जागोजाग प्यायचं पाणी आहे. फक्त मे ते सप्टेंबर हवा अशी असते की पहाटे चारलासुद्धा अंगावरचा कपडा पिळून काढावा. मग मंडळी जिममधल्या पट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून धावतात. नोव्हेंबर उजाडला की सगळे बाहेर पडतात आणि मार्चअखेर पुन्हा आत जातात. आमचा हंगाम एवढाच.

डोंगराची वाट मला दाखवली आमच्या गटातल्या सांगलीच्या एका काकांनी. वय साठीच्या पुढचं, पण चाल तिशीची. ते शौक्याला न्यायचे. शौका हे रास अल खैमा अमिरातीतलं डोंगरातलं छोटं गाव. दुबईहून पहाटे निघालं की आधी तांबडी वाळू लागते, मग अल धैदची शेतं आणि बाजार, आणि त्यानंतर एकाएकी समोर काळपट डोंगरांची रांग उभी राहते. वाटेत एखाद्या मल्याळी माणसाच्या कॅफेटेरियात कागदी पेल्यातला कडक करक चहा घ्यायचा. या देशात कुठल्याही दिशेला निघा, पहाटे जागं असलेलं पहिलं दुकान केरळच्या माणसाचंच असतं.

शौक्याला एक छोटं धरण आहे. त्याच्या मागून पात्रात उतरलं की धाव सुरू होते. सुरुवातीला रुंद, मोकळं पात्र लागतं. पायाखाली मुठीएवढे गोटे. मग दोन्ही बाजूंच्या टेकड्या जवळ येतात, पात्र वळणं घेतं, कुठे कातळाच्या पायऱ्या लागतात. पाऊस झालेला असेल तर कातळाच्या खोबणीत स्वच्छ, हिरवट डोह साचलेले असतात आणि त्यांत बोटभर मासे. पाय बुडवून बसलं की ते टाचेची कातडी टोचायला येतात. पात्र सोडून एखाद्या दांडावर चढलं की मागे पुढे नुसत्या डोंगरांच्या कडा दिसतात, एकामागे एक, आणि प्रत्येक रांगेचा रंग आधीच्या रांगेपेक्षा फिका. सूर्य वर येईपर्यंत सगळं जांभळट असतं. नंतर दगड तांबूस होतो आणि साडेनऊ-दहाच्या सुमाराला नुसता भगभगतो. तेव्हा गाडीपाशी परतलेलं असावं.

या दगडाची गोष्ट वेगळी आहे. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरत गेलेल्या लाव्ह्याचा. हजर पर्वताचा शौका-हत्ता बाजूचा भाग त्याहून जुना, साधारण साडेनऊ कोटी वर्षांचा, आणि तो मुळात जमिनीवरचा नव्हेच. तो समुद्राचा तळ आहे. तळाचं कवच आणि त्याच्याही खालचा प्रावरणाचा दगड भूपट्टांच्या रेट्याने अरबी भूखंडावर चढून बसला. जगात असे तुकडे इतके सलग आणि उघडे क्वचितच सापडतात, म्हणून भूशास्त्रज्ञ इथे आणि शेजारच्या ओमानात येत असतात. या दगडात जागोजाग पांढऱ्या शिरा दिसतात. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा या दगडाशी संयोग होऊन त्या तयार होतात. हवेतला कार्बन असाच मुद्दाम दगडात जिरवता येईल का, याचे प्रयोग फुजैरात चालू आहेत. धावताना एवढं सगळं डोक्यात नसतं. पण काळ्या कातळावरची ती पांढरी रेघ ओलांडताना आपण समुद्राच्या तळावरून धावतोय, हे एकदा कळलं की विसरता येत नाही.

काका पुढे गेले की मी हळू होते, कारण मला झाडं बघायची असतात. हे डोंगर लांबून ठार उजाड दिसतात. पात्रात उतरल्यावर मात्र ओळखीचे चेहरे भेटू लागतात. वाळूत रुईचं जाळं. पाण्याच्या कडेने कण्हेर, ती कुणी लावलेली नाही, तिथलीच रानटी, गुलाबी फुलांनी लगडलेली. कड्यांच्या कपारीत शेवगा, आपल्या शेवग्याच्या कुळातला, पण पानं जवळजवळ गळून गेलेला, नुसत्या बारीक काड्यांचा पिसारा. सपाटीवर बाभळीच्या जातीचा समर, छत्रीसारखा पसरलेला. गावाजवळ सिद्र, म्हणजे आपल्या बोराचाच भाऊबंद. त्याची पिवळी बारीक बोरं वेचून खाताना मला सुट्टीतलं आजोळ आठवतं. तारेवर बसलेला नीलपंख उडाला की पंखांतला निळा रंग उघडतो, तोही अगदी आपल्याकडच्यासारखा. होले असतात, तित्तर असतात. एक ओळख मात्र नकोशी आहे. कोकणात ज्याला फुरसं म्हणतात त्याच्या जातीचा साप इथल्या वाद्यांमध्ये, विशेषतः डोहांच्या आसपास असतो. तो दिवसा दगडाखाली पडून राहतो. त्यामुळे चढताना न बघता कपारीत हात घालायचा नाही, हे काकांनी मला अगदी पहिल्यांदा सांगितलं. पाण्याची बाटली कुठे ठेवायची ते त्यांनी नंतर सांगितलं.

शहरातल्या धावपटूला वादीत गेल्यावर एक अडचण येते. त्याचं घड्याळ निरुपयोगी होतं. रस्त्यावर किलोमीटरला सहा मिनिटांनी जाणारा माणूस इथे दहा-बारा मिनिटांवर येतो, कधी पंधरावर. गोटे पायाखालून सरकतात, घोटा दर पावलाला वेगळ्या कोनात टेकतो, नजर सतत पुढच्या दोन पावलांवर. सुरुवातीला याचा राग येतो. घड्याळ दाखवतं तो आकडा कमीपणाचा वाटतो. नवीन मुलं आली की हटकून जोर लावतात आणि घोटा मुरगळून बसतात. काका एवढंच म्हणायचे, "अगं, घाई करू नकोस. वाट कुठे पळून चाललीय?"

मला मात्र हळूहळू असं वाटू लागलं की वाट खरोखरच पळून जाते. धावणाऱ्याला तीच ती वाट हवी असते. तेच अंतर, तोच चढ, म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा आपण सुधारलो का ते कळतं. आमचा सगळा छंद या तुलनेवर उभा आहे. वादी ही तुलना होऊ देत नाही. एका मोठ्या पावसानंतर आम्ही गेलो तेव्हा ज्या डोहापाशी थांबून खजूर खायचो तो डोहच नव्हता. तो खडीने गच्च भरला होता. पात्राची धार डाव्या कड्यावरून उजव्या कड्याकडे सरकली होती. ट्रकच्या चाकाएवढे धोंडे नव्या जागी येऊन बसले होते. फोनमध्ये साठवलेली जुनी वाट आम्हाला सरळ एका नव्या दरडीत घेऊन गेली. इथे वाट आखते ती नदी, आणि ती वर्षातल्या एखाद-दोन दिवसांतच आखते. उरलेले दिवस आपण तिच्या त्या कामावरून चालतो.

ते काम कसं चालतं, याची खूण पात्रातच असते. शोधावी लागते, कारण ती डोक्याच्या वर असते. समरच्या फांद्यांत, माणसाच्या उंचीपेक्षा वर, वाळलेल्या काटक्या, खजुरीच्या झावळ्यांचे तुकडे, प्लास्टिकची पिशवी, एखादी चप्पल अडकलेली दिसते. कुणी टांगलेली नसते. पाणी तिथपर्यंत होतं. मी जिथे उभी राहून बुटाची नाडी बांधते तिथे वर्षातले काही तास माझ्या डोक्यावरून पाणी जातं, हे त्या चपलेकडे बघून कळतं.

या देशात वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वराला जुलैतल्या एका दिवसात तेवढा होतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मग एवढ्याशा पावसात एवढा पूर कसा? कारण डोंगरावर माती नाही, गवत नाही, झाडी विरळ. पडलेला थेंब मुरायला जागाच नाही. सगळं पाणी उघड्या कातळावरून थेट घळीत, घळीतून पात्रात. सह्याद्रीत नदी चढते तेव्हा ती गढूळ होते, फुगते, काठावरच्यांना थोडा तरी वेळ देते. इथे वरच्या डोंगरात पाऊस पडतो आणि दहा-पंधरा किलोमीटर खाली निळ्या आकाशाखाली उभ्या असलेल्या माणसाला आधी आवाज ऐकू येतो. मग भिंतीसारखं पाणी. जुलै २०२२ मध्ये पूर्वेकडच्या अमिरातींमध्ये, विशेषतः फुजैरात, अशा पुरात सात जणांचे जीव गेले. सगळे आशियाई स्थलांतरित होते. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐन भागातल्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १९४९ पासूनच्या नोंदींमधला हा सगळ्यात मोठा. दुबईचा विमानतळ पाण्यात गेलेला सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला. डोंगरातल्या वाद्यांनी त्या दिवशी काय केलं ते आम्ही पुढच्या हंगामात पायांनी पाहिलं.

पण पूर एवढीच या नदीची गोष्ट नाही. तिचं खरं पाणी वर दिसत नाही, ते गोट्यांच्या खाली हळूहळू झिरपत असतं. ते कुठे आहे हे कळण्यासाठी खजुराच्या बागा बघायच्या. डोंगराच्या पायथ्याशी पात्राच्या कडेला अचानक गर्द हिरवा पट्टा लागतो. खजूर, त्यांच्या सावलीत लिंबं, काही ठिकाणी आंब्याची झाडं, खाली लसूणघास. हा हिरवा पट्टा फलजवर जगतो. फलज म्हणजे गुरुत्वाकर्षणावर चालणारा पाट. काही फलज डोंगराच्या पोटातून बोगद्याने पाणी आणतात. वादीच्या पात्रातलं झिरपलेलं पाणी वरच्या अंगाला धरून उघड्या पाटाने बागेत नेतात त्याला घैली फलज म्हणतात. अल ऐनजवळ हिली इथला फलज लोहयुगातला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. अल ऐनची मरूद्यानं आणि फलज २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

धुळे-नाशिककडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत हेच करते. तिथे पाटकरी असतो, कुणाच्या वाफ्याला किती वेळ पाणी जायचं ते तो सांभाळतो. इथे त्याला अरीफ म्हणतात. पाळ्या ठरलेल्या, पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजलेल्या. दोन्हीकडे पाणी थोडं आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक, म्हणून दोन्हीकडे शिस्त सारखी. घैली फलजच्या कडेने पहाटे धावताना एकदा मी एका बागेपाशी थांबले होते. पाट फुटतो त्या जागी एक दगड आणि त्याला गुंडाळलेलं जुनं पोतं, एवढाच दरवाजा. एका माणसाने पायानेच दगड सरकवला, पोतं पलीकडच्या तोंडाला दाबलं, आणि पाणी कसलाही आवाज न करता वळून दुसऱ्या वाफ्यात गेलं. माणूस बांगलादेशी होता. बागेचा मालक शहरात राहतो, आठवड्याच्या शेवटी येतो, असं त्याने हिंदीत सांगितलं. त्याने भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. "दीदी, यहाँ तक आया था," म्हणाला. रेघ माझ्या खांद्याएवढी होती. मग विचारलं, रोज धावता का, आणि पायाला काय होतं का. मी म्हटलं, शनिवार-रविवारी येते. त्याला शुक्रवारची अर्धी सुट्टी होती आणि ती तो झोपण्यात घालवायचा.

हे मला सांगावंसं वाटतं, कारण निसर्गरम्य वाट असं आपण म्हणतो तेव्हा ती रम्य कुणासाठी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या पट्ट्याला मी देखावा म्हणते तो कुणाच्या तरी हातांनी दररोज हिरवा ठेवला जातो, आणि त्या हातांना तो देखावा बघायला उसंत नसते. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, ही चांगली गोष्ट. तरी त्या दिवसांत सकाळी अकराला बागेत उभं राहून बघावं. मी धावणं बंद ठेवते तेव्हाही ते काम चालूच असतं. याने मी धावणं सोडलं नाही, सोडायचं कारणही दिसत नाही. पण बागेच्या भिंतीजवळ कानातली गाणी बंद करून चालत जायचं, हे तेव्हापासून पाळते.

वाटेच्या बाबतीत हत्ता हे शौक्याच्या अगदी उलट. हत्ता दुबई अमिरातीचा डोंगरातला तुकडा, मुख्य भूमीपासून वेगळा पडलेला. तिथे २०१८ पासून सरकारने साहसी पर्यटनाचं केंद्र उभं केलं. सायकलींसाठी पन्नास किलोमीटरहून जास्त वाटा आखल्या, त्यांना अवघडपणानुसार हिरवा, निळा, तांबडा, काळा असे रंग दिले. फाट्याफाट्यावर पाट्या. चुकायचा प्रश्न नाही. डोंगरात १८८०च्या दशकातले दोन टेहळणी बुरूज आहेत, खाली किल्ला, फलज, खजुराची बाग आणि धरणाचं निळंशार पाणी. धरणाच्या वर आणखी एक जलाशय बांधून २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारला आहे. सौरवीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. आपल्या घाटघरच्या प्रकल्पाची क्षमताही नेमकी तेवढीच आहे. हत्तामध्ये मी नव्या लोकांना नेते. लहान मुलं, पहिल्यांदा डोंगरात येणारे, गुडघ्याला जपणारे, त्यांच्यासाठी ती उत्तम जागा आहे. मला स्वतःला मात्र पाट्या असलेल्या वाटेवर कंटाळा येतो. तिथे नदी वाचावी लागत नाही, रंग वाचले की झालं. माझं हे मत आमच्या गटात कुणालाच मान्य नाही.

उत्तरेकडे गेलं की दगड बदलतो. काळ्या कातळाच्या जागी करडा चुनखडक, सरळसोट उभे कडे. रास अल खैमा आणि दिब्बा यांच्यामधली वादी बिह या भागातली. तिथली बहात्तर किलोमीटरची शर्यत नव्वदच्या दशकापासून अमिरातीतल्या जुन्या धावपटूंच्या तोंडी आहे. एकट्याने किंवा पाच जणांच्या चमूने, आळीपाळीने. एकाने धावायचं, बाकीच्यांनी गाडीतून मागे धूळ खात जायचं. काकांनी ती चमूतून केली आहे आणि ती गोष्ट ते दर हंगामात नव्याने सांगतात, दरवेळी चढ थोडा वाढलेला असतो. ही वादी अमिरात आणि ओमान यांच्या हद्दीत विभागलेली, त्यामुळे वाट कधी कुणाला खुली, कधी बंद. आपल्यासारख्या परदेशी पासपोर्टवाल्याने आधी विचारून जावं.

हद्दीची गंमत बघायची तर खोर फक्कानजवळ मदहा आणि नहवा बघावेत. मदहा हा ओमानचा तुकडा, चारी बाजूंनी अमिरातीने वेढलेला. त्या मदहाच्या पोटात नहवा हे शारजाचं छोटं गाव. एकाच वादीच्या काठाने धावत गेलं की अमिरात, ओमान, पुन्हा अमिरात असा प्रवास होतो. ना फाटक, ना शिक्का. फोन तेवढा ओमानात आपलं स्वागत असल्याचा निरोप पाठवतो, थोड्या वेळाने परत अमिरातीत आल्याचा. बकऱ्या रस्त्यात बसलेल्या असतात, त्यांना कुठलाच निरोप येत नाही. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कुणाला बरोबर घेऊन गेलं की इथे हटकून सीमेवरची चर्चा निघते आणि उरलेली धाव चालत होते.

गावांमधून जाताना कसं जावं हेही थोडं सांगते. बायकांनी विशेषतः. वादीतली गावं जुन्या वळणाची आहेत. पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट आणि पायघोळ लेगिंग मी घालते, उन्हासाठीही तेच बरं. अंगणात कुणी दिसलं तर सलाम करायचा. मशिदीजवळ हळू व्हायचं. दफनभूमी ओळखता यावी, कारण ती नुसत्या उभ्या दगडांच्या ओळींची असते, कुंपण नसतं, आणि उताराची सोयीची वाट नेमकी तिच्यातून जात असते. वळसा घालायचा. मला आजवर कुणी अडवलं नाही. उलट एका घरातून आजीबाईंनी हातानेच थांबायची खूण करून खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाठवला होता. आमची एकमेकींची भाषा जुळत नव्हती. तिने माझ्या बुटांकडे बोट दाखवून मान हलवली. कौतुक होतं की कीव, ते कळलं नाही.

आणि सगळ्यात सुंदर वादी? ती फुजैरातली वादी वुरायाह. तिथे बारमाही पाणी आहे, छोटा धबधबा आहे. २००९ मध्ये ती देशातलं पहिलं डोंगरी संरक्षित क्षेत्र झाली, २०१० मध्ये रामसर पाणथळ क्षेत्र, २०१८ मध्ये युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र. अरबी ताहर हा दुर्मिळ डोंगरी प्राणी तिथे टिकून आहे. तिथे आम्ही धावत नाही, कारण ती लोकांसाठी बंद आहे. पूर्वी ती उघडी होती तेव्हा सहलीला येणाऱ्यांनी धबधब्याच्या कातळावर रंगाने नावं लिहिली, कोळशाची राख आणि बाटल्या टाकल्या. धावपटूंच्या गटांमध्ये या बंदीबद्दल कुरकुर असते. दर हंगामात कुणीतरी म्हणतं, आम्ही कुठे कचरा करतो, आम्हाला तरी सोडावं. मला ती बंदी योग्य वाटते. आमच्या बुटांना वाट कमी पडत नाही. ताहरला मात्र पाण्यावर यायला दुसरी जागा नाही. आपल्याकडे किल्ल्यांच्या टाक्यांतून प्लास्टिकच्या बाटल्या काढणाऱ्या तरुण मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

हिवाळ्यात कुणी महाराष्ट्रातून इकडे येणार असेल आणि बुटांची जोडी पिशवीत टाकायचा विचार असेल, तर जरूर टाकावी. रस्त्यावरचे बूट चालणार नाहीत, खाली खोल खाचा असलेले हवेत. माणशी दोन लिटर पाणी, मिठाचं काहीतरी, टोपी, आणि शक्यतो सोबत. अनेक वाद्यांमध्ये फोनला रेंज नसते, तेव्हा कुठे जाणार आणि कधी परतणार ते घरी सांगून निघावं. जाताना पात्राच्या वरच्या अंगाला जावं म्हणजे थकल्यावर परतीला उतार मिळतो. आणि आदल्या रात्री राष्ट्रीय हवामान केंद्राचा अंदाज बघावा. तुम्ही जिथे धावणार तिथला बघून भागत नाही, डोंगराच्या माथ्यावरचा बघा. ढग असतील तर जाऊ नका, कितीही लांबून आला असाल तरी. मे २०२३ पासून कायदाही तेच सांगतो. पावसाळी हवेत वादी किंवा धरणाजवळ गर्दी केली तर १,००० दिरहम दंड आणि वाहन चालवण्याच्या परवान्यावर ६ काळे गुण. वाहत्या वादीत गाडी घातली, मग पाणी कितीही असो, तर २,००० दिरहम, २३ काळे गुण, आणि गाडी ६० दिवस जप्त.